आक्का खड्यांनी गेली नाही

साताऱ्यात राजवाड्यासमोर पेरू घेत होते तेव्हा दाजींचा फोन आला. दुसऱ्या दिवशी आक्काला बघायला इस्लामपूरला जायचं होतं, आणि पेशंटकडं रिकाम्या हातानं जायचं नाही ही आमच्याकडची रीत. दाजी म्हणजे आक्काचे यजमान, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, बोलणं मुळातच मोजकं. "मालू, ये. आक्का न्हाई राहिली," एवढंच म्हणाले. पेरूवाला मागून हाका मारत होता आणि मी तशीच स्टँडकडं चालायला लागले. एसटीत बसल्यावर कळलं, पिशवी तिथंच राहिली.

दारात माणसंच माणसं. जो तो एकच म्हणत होता, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन ते केवढं, त्यानं कुणी मरतं का? दाजींनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं, आणि दोघांनीही खाली बघितलं. कारण आक्काला खडे नव्हतेच. मिरजेला जाऊन तिनं पोटाची आणि कमरेची चरबी काढून घेतली होती, लायपोसक्शन म्हणतात ते. हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. आता दोघांना.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मग माझ्या वेण्या, माझा डबा, माझी आजारपणं सगळं तिच्याकडं. मी लग्न केलं नाही, साताऱ्यात शाळेत शिकवते, एकटी राहते. पण एकटी आहे असं कधी वाटलंच नाही, कारण संध्याकाळी तिचा फोन ठरलेला, आणि त्यात तिच्या गल्लीत कुणाच्या घरी कसली भाजी झाली इथपर्यंत खबर. अंगानं भरलेली, आवाज खणखणीत, नक्कल करायला लागली की हसून हसून पोट दुखायचं. एकदा कराडच्या एसटीत कॉलेजातल्या एका पोरीनं उठून तिला जागा दिली, "बसा काकू, अशा दिवसांत उभं राहू नये." आक्का पन्नाशीला टेकलेली! घरी येऊन तिनं गल्लीला ते पोटावर हात ठेवून करून दाखवलं. मग काय, गल्लीला आयतंच मिळालं. कितवा लागला, बारसं कवा, हे पुढं कित्येक महिने चाललं, आणि आक्का सगळ्यांच्या वर हसायची. फोनवर मात्र मला म्हणाली, "माले, मी बसले गं त्या सीटवर. काय सांगणार तिला?" आणि गप्प झाली... आक्का गप्प झालेली मी फार कमी वेळा ऐकली आहे.

मिरजेला मी तिच्यासोबत गेले होते. डॉक्टरीण बाईंनी काही लपवलं नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्या म्हणाल्या, हे वजन उतरवायचं औषध नव्हे, ठरावीक जागची चरबी तेवढी निघते. जखम पिकू शकते, अंगातल्या पाण्याचं गणित बिघडू शकतं, कातडी वरखाली दिसू शकते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून त्याच दिवसापासून घरात हळूहळू चालायचं, ऑपरेशननंतर अंगावर चढवतात तो घट्ट पोशाख सांगू तोवर काढायचा नाही, पोटरी दुखली, सुजली किंवा दम लागला तर घटकाभरही थांबायचं नाही. आक्का मान डोलावत होती. बाहेर येऊन म्हणाली, "एवढं ऐकायचं म्हटलं तर माणूस कांदा चिरायलाबी बसायचा न्हाई." मी हसले. ती हसली की हसू यायचंच.

खड्यांची थाप तिचीच. आधीच गल्ली एवढी हसलेली, त्यात आता हे कळलं तर उंबऱ्याबाहेर पाय टाकायची सोय नाही, म्हणाली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण खड्यांचं ऑपरेशन म्हटल्यावर गल्ली बघायला आली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रांग. आणि आमच्याकडं ऑपरेशनच्या माणसाला कोण उठू देतो? ती उठायला गेली की चार हात खांद्यावर, "आवं, टाके तुटतील, पडा निवांत." चालायला सांगितलंय म्हणावं, तर कुठल्या खड्याच्या डॉक्टरनं, असं कुणी विचारलं तर? तो पोशाख पातळातून दिसेल म्हणून माणसं यायच्या वेळेला तिनं तोही काढून ठेवला. पोटरी दुखायला लागली तेव्हा मला फोनवर बोलली नाही. दाजींना म्हणाली, पडून पडून अवघडलीय. आल्यागेल्यांपैकी कुणीतरी कोमट तेलानं पाय चोळून दिला. कुणी ते मी लिहीत नाही. मायेनंच चोळला. त्यानं काही झालं की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पहाटे तिला दम लागला. शेजारच्या गाडीतून दाजी तिला मिरजेला घेऊन निघाले, पण आष्ट्याच्या पुढं गाडी गेली आणि आक्का संपली.

माणूस गेलं की त्याच्याबद्दल बोलावंसं वाटतं. मला ते करताच येईना. शाळेत सगळ्याजणी खड्यांबद्दल विचारायच्या आणि मी मान हलवायची. ज्या दुखण्यानं ती गेलीच नाही, त्या दुखण्याचं सांत्वन घेत राहायचं... संध्याकाळी फोन हातात घेऊन बसायची. खरं काय ते माहीत असलेली एकच व्यक्ती उरली होती, आणि दाजी फोनवर गप्पच असायचे.

महिन्याभरानं मी इस्लामपूरला गेले तेव्हा दाजींनी सांगितलं की समोरच्या शेवंताकाकूंच्या पोटात खरोखरचे खडे निघालेत. कळ आली की लोळतात, पण ऑपरेशनला तयार नाहीत. लेक हातापाया पडला, तरी त्यांचं एकच, आक्कासारखी धडधाकट बाई गेली, मला न्हाई मरायचं. दाजी रात्रभर झोपले नव्हते बहुतेक. म्हणाले, "तिला शब्द दिलाय मी, मालू." मी म्हटलं, मला ठाऊक आहे. ते उठले, टोपी घातली आणि रस्ता ओलांडून गेले. मी पाठोपाठ. काकूंच्या सोप्यात पाच-सहा बाया बसलेल्या, दाजी उभ्या उभ्याच म्हणाले, "काकू, आमच्या मंडळींना खडं नव्हतं. चरबी काढायचं ऑपरेशन केलं हुतं तिनं. खड्याला भिऊ नगा." एवढ्या बायांत कुणी हसलं नाही.

काकूंचं ऑपरेशन झालं, त्या बऱ्या आहेत. हे लिहू का म्हणून दाजींना विचारलं, तर म्हणाले, लिही. परवा मी गेले तेव्हा काकू हळूहळू चालत आमच्याकडं आल्या, आक्काच्या पलंगावर बसल्या, आणि माझ्या हातावरून हात फिरवत राहिल्या.

"माले, मला तरी सांगायचं हुतं तिनं. मी काय हसले असते व्हय?"

"हसला असता, काकू," मी म्हटलं. "महिनाभर हसला असता. आणि ती तुमच्या देखत उठून घरभर फिरली असती."

काकूंनी पदर तोंडाला लावला. तो पलंग दाजींनी अजून भिंतीलाच लावून ठेवलाय, बघायला येणाऱ्यांना समोर बसायला जागा व्हावी म्हणून सरकवलेला. खुर्च्याही तशाच आहेत.