भट्टीची नोंदवही

रुक्मिणी गेल्याचा फोन तिची विद्यार्थिनी कविता हिनं केला, तेव्हा मी चिकलठाण्याच्या घरात नातवाचं गणित तपासत होते. फोन ठेवला आणि त्याचं बरोबर आलेलं उत्तर खोडून टाकलं… त्याला आता महिना झाला.

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात संशोधन करताना ती माझ्या दोन वर्षं मागं होती. लासूर स्टेशनजवळच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली पहिली शिकलेली मुलगी. मी कडक इस्त्रीची साडी नेसून भट्टीसमोर अशी उभी राहायची, जणू देशातलं सगळं चुंबकत्व माझ्यावाचून अडलं होतं. आमचं काम फेराइटचं, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनणाऱ्या चुंबकी पदार्थाचं. भुकटी खलायची, दाबून बटणाएवढी पेलेट करायची, बारा तास सलग भाजायची, मग तिचे गुण मोजायचे. एका पेलेटचं मोजमाप इतकं देखणं आलं की प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मी तिच्यावरच उभं केलं. फक्त ती भाजताना दुपारी तीन तास लाईट गेली होती. भट्टीच्या सगळ्यांच्या वहीत मी लिहिलं, ‘सलग बारा तास’. खोलीत तेव्हा रुक्मिणीच होती.

महिनाअखेरीस आमचे सर निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध गेला नाही, तर नवा मार्गदर्शक शोधणं आलं. सर ते प्रकरण वाचत होते. एक पान उलटलं, पुन्हा मागं आले. भट्टी सलग चालली होती का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मान वर केली ती काट्यावर भुकटी तोलणाऱ्या रुक्मिणीकडं. तिनं हातातला चमचा खाली ठेवला.

“नाय सर. मधी लाईट गेलती.”

पेलेट पुन्हा केली. देखणेपण गायब. प्रबंध दीड वर्ष लांबला, तोही दुसऱ्या सरांकडं. रुक्मिणी कँटीनमध्ये आली की मी अर्धा चहा टाकून उठायची. काय ती माझी ऐट! शेवटी तिनंच मला जिन्यात अडवलं.

“मी सांगायला नको व्हतं, ताई. तुम्ही सांगायचं व्हतं. उद्या कुणी तुमच्या आकड्यावर भाजत बसलं, तर त्याचं वरीस जाईल.”

मी तिला चुगलखोर म्हटलं आणि खाली उतरले. पुढं आम्ही एकाच विभागात शिकवलं, एकमेकींच्या घरी जेवलो, तिच्या आजारपणात मी ज्वारीची आंबील घेऊन जायची. तो विषय मात्र माझ्या तोंडून कधी निघाला नाही.

गेल्या आठवड्यात तिचं कपाट आवरताना कवितानं मला बोलावलं आणि भट्टीची ती जुनी वही हातात दिली. माझ्या नोंदीच्या पानावर रुक्मिणीनं पट्टीनं एक जास्तीचा रकाना आखला होता, ‘लाईट गेली का?’ पुढच्या प्रत्येक ओळीत ज्याच्या-त्याच्या अक्षरात हो किंवा नाही. माझ्या ओळीपुढं काहीच नाही. ठाऊक असून तिनं ते स्वतः भरलं नव्हतं…

मी कविताकडं पेन मागितलं. रकान्यात मावेल असं लिहिलं, ‘हो. तीन तास.’ आणि खाली सही केली.