केळ्यांच्या जहाजावरून बाबांना

माझ्या लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं, आणि त्यातले नवऱ्यासोबत काढलेले दिवस होते अठरा. ते पोलोग्राउंडकडच्या बिजलीघरात कामाला होते. मध्य भारत सरकारनं काही तरुण इंजिनियर इंग्लंडला शिकायला पाठवले, त्यात त्यांची निवड झाली, आणि ते गेले. सासू-सासरे हयात नव्हते. मी परत जुन्या इंदुरातल्या आमच्या दोन खोल्यांत, बाबांकडे राहायला आले.

मी चार वर्षांची असताना आई गेली. बाबा होळकरांच्या फौजेच्या दफ्तरात कारकून होते. संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांना पेन्शन मिळाली आणि दिवसभर काय करायचं हा प्रश्न पडला. माझ्या लहानपणी वेणी तेच घालायचे. एक वेणी घट्ट, दुसरी सैल. शाळेतल्या मुली हसायच्या, पण बाबांना मी ते कधी सांगितलं नाही.

पावसाळा सरता सरता नवऱ्याचं पत्र आलं. तू इकडे ये, जहाजाचं तिकीट काढलं आहे. पुढे आणखी लिहिलं होतं. जानेवारीत मला मोठी सुट्टी आहे. इथून वेस्ट इंडीजला केळी आणायला जहाजं जातात, त्यांत थोडे प्रवासीही घेतात. बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका करून महिन्याभरात परत. आपलं लग्न झाल्यावर कुठं जाणं झालं नाही, तर हे करू.

बाबांनी शेजारच्या मास्तरांकडून नकाशाचं पुस्तक आणलं आणि चष्मा पुसून त्या बेटांवर बोट ठेवलं.

"अरे, हे तर क्रिकेटवाले जातात ते," ते म्हणाले. "मोहल्ल्यात कुणी इतकं दूर गेलं नाही, बेटा. तू जा आणि सगळं मला लिही. हर एक बंदरातून लिही."

"तुम्ही एकटे राहाल ना इथं."

"मी काय एकटा? पूर्ण मोहल्ला आहे. फालतू विचार नको करू."

मग तयारीचे दिवस सुरू झाले. गरम कोट हवा होता, आणि तसला कोट शिवणारा शिंपी महूच्या छावणीतच मिळायचा. आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं महूला गेलो. शिंपी माझं माप घेत होता तेव्हा बाबा म्हणाले, "एका ओळखीच्याला भेटून येतो." ते तास-दीड तासानं आले. चेहरा उतरलेला होता. मी विचारलं तर म्हणाले, ऊन लागलं. मला ते खरं वाटलं. मी तेव्हा वीस वर्षांची होते, आणि डोक्यात कोटाच्या बटणांशिवाय दुसरं काही नव्हतं.

निघालो त्या दिवशी मोहल्ल्यातल्या बायकांनी ओटी भरली. कुणी शेव दिली, कुणी लसणाची चटणी, एकीनं लिंबाचं लोणचं बरणीत घालून वरून मेणकापड बांधून दिलं. खांडव्याला गाडी बदलायची होती. वाटेत कालाकुंडला बाबा खाली उतरले आणि पानाच्या द्रोणात कलाकंद घेऊन आले. सगळा मला खायला लावला. चढताना त्यांना दम लागला होता. ते दाराच्या दांडीला धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

मुंबईत बाबांच्या एका जुन्या सोबत्याकडे दोन दिवस राहिलो. त्या दोन दिवसांत बाबा सारखे माझ्या सामानापाशीच असायचे. ते माझी ट्रंक उघडायचे, कपडे बाहेर काढायचे, परत घडी घालून ठेवायचे. धक्क्यावर निरोपाची वेळ आली तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू मोजकं बोलतात. तू बोलत जा. घरात एकानं तरी बोलायला पाहिजे." मग ते गर्दीत मागे झाले. मी कठड्याशी उभी राहून खूप शोधलं, पण त्यांच्यासारख्या काळ्या टोप्या खूप होत्या.

तीन आठवड्यांनी मी इंग्लंडला पोहोचले. उत्तरेकडचं एक गाव, गिरण्यांचा धूर, दुपारी चारलाच अंधार. घरमालकिणीनं दिलेल्या एका खोलीत आम्ही राहत होतो. हे सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. मी खिडकीत बसून बाबांना पत्रं लिहायची. त्यांचीही यायची, दर आठवड्याला एक, दफ्तरातल्या वळणदार अक्षरात. यांच्याशी बोलायचं म्हणजे मला आधी मनात वाक्य जुळवावं लागे. ते चांगले वागत, पण एखाद्या पाहुणीशी वागावं तसं.

जहाज सुटायला दोन दिवस होते तेव्हा ते दुपारीच घरी आले. कोट न काढता खुर्चीवर बसले. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाले, "थंडी लागलीय." मी चहा दिला. कप हातात धरून ते माझ्याकडे पाहत राहिले. मग एकाएकी म्हणाले, "सामान भरलंस? जायचं ना आपण?" मी म्हणाले, "जायचंच ना. बाबांना कळवलं सुद्धा."

जहाज पांढरंशुभ्र होतं. जाताना पोट रिकामं, म्हणून ते फार हलायचं. पहिले पाच दिवस मी आडवीच होते. उठून बाहेर आले तेव्हा समुद्राचा रंग बदलला होता आणि लोक कोट काढून खुर्च्यांवर पडले होते. आम्ही दोघंच हिंदुस्थानी. जेवणाच्या टेबलावर आमच्याबरोबर दोन म्हाताऱ्या इंग्रज बहिणी आणि एक निवृत्त मळेवाला होता. मला मॅट्रिकपुरतं इंग्रजी येत होतं, पण त्यांचे उच्चार माझ्या कानावरून निघून जात. मी हसायची आणि बटाट्यावर चटणी घालून खायची. त्या बहिणींना चटणीचा वास सहन होत नसावा. यांनी एकदा चटणीच्या बरणीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी बरणी खाली आणणं बंद केलं.

हे सारखे एकटे फिरायचे. कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभे राहायचे. मी जवळ गेले की माझी चौकशी करायचे. शाल हवी का, खुर्ची आणू का, सरबत घेतेस का. सरबत आलं की परत कठड्याकडे. माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हते. माझी समजूत झाली की त्यांना माझी लाज वाटते. इथल्या बायकांमध्ये ही साडी नेसलेली, इंग्रजी न येणारी बायको आणून आपण चूक केली, असं त्यांना वाटत असणार. एवढ्या मोठ्या समुद्रावर मला ज्याच्याशी बोलता येईल असा एकच माणूस होता, आणि तो माझ्यापासून तोंड लपवत होता. मग मी बाबांना लिहायची. उडणारे मासे पाहिले ते लिहिलं. बार्बाडोसला पाणी इतकं निवळ की नांगराची साखळी खालपर्यंत दिसते, ते लिहिलं. यांचं वागणं मात्र लिहिलं नाही. पत्र झालं की यांच्या हातात द्यायची. ते म्हणायचे, "टाकतो."

त्रिनिदादला आम्ही बाजारात गेलो. तिथं भाजी विकणाऱ्या बायकांमध्ये आपल्यासारख्याच चेहऱ्यांच्या कितीतरी बाया होत्या, डोक्यावर पांढरी ओढणी घेतलेल्या. एका म्हातारीनं माझी साडी पाहिली आणि हाक मारली.

"कौन मुलुक के हौ, बेटी?"

कित्येक दिवसांनी मला कुणी बेटी म्हणत होतं. मी तिच्या टोपलीजवळ खाली बसलेच. इंदूर तिला ठाऊक नव्हतं. तिची आजी ऊसमळ्यात कामाला म्हणून कलकत्त्याहून जहाजात बसून आली होती, आणि परत कधी गेली नाही. तिनं माझा हात हातात घेतला, बांगड्या पाहिल्या, आणि विचारलं, "माई-बाप हैं?"

"माँ नहीं हैं," मी म्हणाले. "पिताजी हैं. इंदौर में."

"उनकर सेवा करिह," त्यांची सेवा कर, असं ती म्हणाली, आणि मला दोन आंबे दिले. जानेवारीत आंबे! मी यांना दाखवायला वळले तर हे चार दुकानं पुढे निघून गेले होते. पाठमोरे उभे होते, रुमालानं तोंड पुसत. मला राग आला. एका भाजीवालीजवळ बसले म्हणून एवढं काय झालं, असं वाटलं.

त्याच बाजारात मी बाबांसाठी एक काठी पसंत केली. काळ्याभोर लाकडाची, मुठीवर पक्षी कोरलेला. हे म्हणाले, "राहू दे." मी म्हणाले, "मी आजपर्यंत तुमच्याकडे काही मागितलं नाही." त्यांनी निमूटपणे काठी घेतली, आणि जहाजापर्यंत तीच टेकत आले.

जमैकाला जहाज दोन दिवस थांबलं. काळी माणसं, बायासुद्धा, केळ्यांचे घड डोक्यावर घेऊन रांगेनं चढत होती, ते मी सकाळभर पाहिलं. दुपारी हे झोपले होते. माझं चौथं पत्र लिहून झालं होतं. त्यांना कशाला उठवायचं, म्हणून मी स्वतःच टपाल घेणाऱ्या साहेबाच्या खिडकीवर गेले. मोडक्या इंग्रजीत विचारलं की आधीची पत्रं किती दिवसांत पोहोचतील. त्यानं वही पाहिली, परत पाहिली, आणि सावकाश, मला समजेल असं म्हणाला, की मॅडम, तुमच्या खोलीतून एकही पत्र आलेलं नाही.

मी खोलीत आले. हे जागे होऊन पलंगावर बसले होते. माझ्या हातातलं पत्र त्यांनी पाहिलं.

"माझी पत्रं कुठं आहेत?" मी विचारलं.

ते उठले. बॅगेच्या तळातून त्यांनी तिन्ही पत्रं काढली, आणि त्यांच्याखालून एक घडी घातलेली तार. ती माझ्या काकांची होती, यांच्या कामाच्या पत्त्यावर आलेली. बाबा आमच्या निघण्याआधी चार दिवस गेले होते. दहन त्याच दिवशी झालं होतं.

"तुम्ही चहा पीत होतात तेव्हा तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. तेवढंच सुचलं.

"हो."

"आणि मला इकडे आणलंत. फिरायला."

"तुझ्या बाबांनीच लिहिलं होतं मला," ते म्हणाले. "तू तिथून निघालीस त्याच आठवड्यात. महूच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यांना, हृदय थकलंय म्हणून. लिहिलं होतं की मला काही झालं तर तिला परत फिरवू नका, तिची सहल होऊ द्या, मग सांगा. मी काय करायला पाहिजे होतं ते मला कळलं नाही."

मी चौथं पत्र त्या तिन्हींवर ठेवलं. न्हाणीत जाऊन डोक्यावरून गार पाणी घेतलं. लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवस. ते मी त्या खोलीत पाळलं, खाली जमिनीवर चादर टाकून. वरच्या मजल्यावर बँड वाजत होता, मुलं धावत होती. हे पाव आणि उकडलेले बटाटे आणून ठेवायचे आणि बाहेर जाऊन बसायचे. मला रडायला कुणीतरी हवं होतं. ज्यानं बाबांना दफ्तरातून येताना पाहिलंय, त्यांचं खोकणं ओळखलंय, असं कुणीतरी. यांनी त्यांना सगळं मिळून चार-पाच वेळा पाहिलेलं. माझ्याजवळ जे होतं त्यातलं काहीच त्यांच्याजवळ नव्हतं. आणि राग दोघांवर होता. दोन पुरुषांनी माझ्यासाठी परस्पर ठरवलं आणि मला एका शब्दानं विचारलं नाही.

सुतक संपल्यावरही मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जहाज आता केळ्यांनी भरलं होतं, म्हणून हलत नव्हतं. हवा थंड होत चालली. एका दुपारी वर शेजारच्या खुर्चीवर ते बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते तुला काय म्हणून हाक मारायचे? तारेत तुझं पाळण्यातलं नाव आहे. तेच का?"

"नाही," मी म्हणाले. "बेटा म्हणायचे."

 मग मी त्यांना वेण्यांचं सांगितलं. एक घट्ट, एक सैल. ते ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ते परत येऊन बसले, काही न विचारता. मी थोडं सांगितलं. रोज थोडं. बंदर लागेपर्यंत असं चाललं. त्यानं दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. रात्री-अपरात्री जाग आली की मी एकटीच असायची. पण बाबांना ओळखणारं माणूस त्या जहाजावर एकाचं दीड झालं.

उन्हाळ्यात आम्ही इंदूरला आलो. आमच्या दोन खोल्यांत दुसरं बिऱ्हाड आलेलं होतं. त्या बाईनं मला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "कोणाला भेटायचं होतं, दीदी?" मी म्हणाले, कुणाला नाही, पूर्वी इथं राहायची. काकांनी बाबांची ट्रंक सांभाळून ठेवली होती. ती मी घेतली. बिजलीघराजवळच्या सरकारी घरात आमचा संसार सुरू झाला, पुढे मुलं झाली, सुदामा नगरात स्वतःचं घर झालं.

त्या सहलीचं आम्ही पुढे कुणाला फारसं सांगितलं नाही. लोक विचारायचे, वेस्ट इंडीज कसं आहे हो? हे म्हणायचे, छान आहे, पाणी फार निळं. रिटायर झाल्यावर एका सकाळी, पेपर वाचता वाचता, मी त्यांना विचारलं, "परत तसं झालं तर सांगाल का हो?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. कशाबद्दल, ते विचारलं नाही.

"सांगीन. तार आली त्याच दिवशी."

"का?"

"तो महिनाभर मीही एकटाच होतो," ते म्हणाले. "पण तेव्हा तुझं काय होईल, याचीच भीती होती. सांगितलं असतं तर तू गेली नसतीस ना जहाजावर?"

मी विचार केला. एवढ्या वर्षांत हा विचार मी केलाच नव्हता.

"माहीत नाही," मी म्हणाले. "गेलेही असते. बाबांनी सांगितलं होतं म्हणून. पण गेले असते तर रडत गेले असते."

त्यांनी मान हलवली आणि पेपर परत उचलला. वाचत नव्हते. मीही तिथंच बसून राहिले.