काठीवाल्या बाईंचा गोल वाफा

बोर्डीच्या काठीवाल्या बाईंनी पहिल्याच भेटीत मला झिनियाचं रोप फेकून मारलं. ओल्या मातीसकट, थेट तोंडावर. चिकूच्या वाडीत त्यांचा बंगला, बंगल्यापुढे गोल वाफा, आणि त्या वाफ्यात लावायची उन्हाळी फुलं मी माझ्या सरावलीच्या नर्सरीतून आणलेली. "मूआ, रोप आणलंस की म्हातारा? मान बघ याची," त्या म्हणाल्या. घरात गुजराती, गड्यांशी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. मी डोक्यावरच्या टोपलीतून रोपं विकत वर आलेला माणूस. ऐकून घ्यायची सवय नाही. तेच रोप उचलून त्यांच्या पायाशी आपटलं. बाई खूश झाल्या. "आता भाव बोल," म्हणाल्या.

मी भाव सांगितला की त्यांची काठी फरशीवर आपटायची, अडून बसलो की माझ्या पोटरीवर. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत कुणाचा तरी मुडदा पडतोय.

झाडांनाही त्या माणसांसारखंच वागवत. लावणी ऊन उतरल्यावर, आणि पहिली कळी दिसली की खुडायची. "पहिलं फूल ठेवलं की झाड माजतं. मोड त्याची मान, म्हणजे चार फांद्या फोडेल." सुकलेली फुलं त्या उवा मारल्यासारखी नखांत चिरडत. पाणी पहाटे, बुडाशीच. एका गड्यानं पानांवर नळी सोडली, तर तीच नळी हिसकावून त्याला फाटकापर्यंत भिजवत नेला. शेजाऱ्याच्या बकरीनं वाफ्यात तोंड घातलं तेव्हा बकरीला एक काठी बसली आणि शेजाऱ्याला दोन. संध्याकाळी त्याच्या घरी चिकूची टोपली गेली. "मार माझा, चिकू पण माझे," एवढाच निरोप.

या बाईंनी एका वर्षी मला न सांगता वाफा वापीच्या नर्सरीवाल्याला दिला. टेम्पोतून फुललेली रोपं आली, वाफा एका दिवसात रंगला. मी कुंपणावरून बघून आलो. एप्रिलच्या उन्हात त्या रोपांनी माना टाकल्या, तसा बाईंचा निरोप आला. मी नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी त्या जीपमधून उतरल्या आणि माझ्या कुंड्या फोडत सुटल्या. मी फावड्यानं त्यांच्या जीपचा दिवा फोडला. गिऱ्हाइकं पळाली.

"आधी चूक झाली म्हणा," मी म्हणालो.

"चूक कसली, डोबा? रोपं चढव."

चढवली. पण ते शब्द मला हवे होते, आणि पुढे दर उन्हाळ्यात मी ते मागत राहिलो. दर वेळी पोटरीवर काठी मिळाली.

गेल्या मे महिन्यात बाई गेल्या. वाफा तेव्हा ऐन भरात होता. त्यांना फोई म्हणणाऱ्या मुंबईच्या भाच्यानं मला बोलावून घेतलं. गाड्या लावायला तिथे फरशी करायची होती. कुदळीवाले गडी पायरीवर बसलेच होते. भाचा हसत म्हणाला, "फोई सांगून गेलीय, 'वाफ्याला हात लावलास तर सरावलीवाला तुझं डोकं फोडेल.' म्हटलं, आधी तुलाच विचारावं."

तोवर माझ्या मनात तसं काही नव्हतं. बाईंची काठी दाराच्या कोपऱ्यात उभी होती. मी ती उचलली आणि त्याच्या गाडीच्या काचेवर घातली. काच तडकली. त्याचं हसू गेलं.

"ही काच झाली," मी म्हणालो. "आता डोक्याचा भाव बोला."

गडी कुदळी घेऊन परत गेले. वाफा आहे. काठी माझ्याकडे आहे.

वापीबद्दल 'चूक झाली' असं मात्र बाई शेवटपर्यंत म्हणाल्या नाहीत त्या नाहीच. यंदाही होळीनंतर त्यांच्या झिनियाची पहिली कळी खुडताना ते आठवलं, आणि मान जरा जास्तच जोरात मोडली गेली. झाडानं चार फांद्या फोडल्या.