पोळ्याच्या दिवशी मांजराची आंघोळ

त्या पावसाळ्यात माझे घोटे बघून कोणीही सांगितलं असतं की या बाईच्या घरात पिसवा झाल्यात. मी ब्लाउज शिवते. दिवसभर मशीनच्या पायट्यावर पाय, म्हणजे पिसवांना ताट वाढून ठेवल्यासारखंच. शिवण मधेच टाकून खाजवायचं, पुन्हा पायटा मारायचा, पुन्हा खाजवायचं. माप द्यायला आलेल्या बायका उभ्या उभ्या एक पाय दुसऱ्या पायावर घासायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या घरी काही तरी चावते व बाई." एकीने तर दिलेलं कापड परत नेलं. अंगाची नुसती आग झाली माझ्या! माझं माहेर फुलचूरचं, मी फरशीच्या घरात वाढलेली. नवेगाव बांधाजवळच्या या गावात लग्न होऊन आले तेव्हा सारवलेल्या जमिनीशी जमवून घेतलं. पिसवांशीही जमवून घ्यायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

पिसवा मांजरावरून येतात, यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. मांजर माझ्या सासऱ्यांचं. मामाजी आमच्याशी हुकूम देण्यापुरतं बोलतात आणि मांजराशी दिवसभर. "कुठं गेलती व बाई? उंदीर भेटला का?" असं काहीबाही सकाळपासून चालू. धानाच्या खोलीत ती पोत्यांच्या थप्पीवर झोपायची. ती आल्यापासून उंदरांनी एक पोतं कुरतडलं नाही, हे मामाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. तळ्याची मासोळी घरात आली की डोकं तिचं, हा घरचा कायदा. सासूबाई गेल्यापासून त्या माणसाला हसताना मी बघितलं असेल तर त्या मांजरापायीच, हे खरं सांगायला पाहिजे.

माझ्या नवऱ्याचं मात्र तिच्याशी वाकडं. पोळ्याच्या आठवडाभर आधी जेवताना त्याच्या पोटरीला पिसू चावली, त्याने फटका मारला आणि ताटातलं वरण सांडलं. झालं! भडकला.

"पोळा होऊ द्या," तो म्हणाला. "नारबोदीच्या दिवशी ढेकून-मोंगसे गावाबाहेर जातेत ना? त्यायच्यासंग हेबी जाईन. पोत्यात भरतो अना सडक अर्जुनीच्या ढाब्यावर सोडून देतो. तिथं मस्त कोंबडीचे हाडकं खात बसन."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नारबोदीचा पुतळा गावाबाहेर नेतात आणि पोरं मागे ओरडत जातात की घरातले ढेकूण-डास, सगळी रोगराई घेऊन जा. त्यात मांजर नेलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मामाजींनी हातातला घास खाली ठेवला. उठले, हात धुतले आणि धानाच्या खोलीत जाऊन बसले.

मी नवऱ्याला म्हटलं, "काऊन असं बोलता? म्हाताऱ्याचा जीव हाये तिच्यात."

"मंग तुया पायाले मलम लाव अना गप राय," तो म्हणाला. माझा नवरा बोलण्यात असाच आहे, कुऱ्हाडीचा घाव. पण बोलला की करतोही. मागे एक भुंकणारं कुत्रं त्याने असंच नेऊन सोडलं होतं. म्हणून मला धास्ती होती.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून आमच्या अंगणात एकच धांदल. बैलांना सजवण्याआधी त्यांच्या अंगावरच्या गोचिड्या जायला हव्यात, म्हणून बादलीत गोचिडाचं औषध कालवलं होतं. झाकणभर औषध पाण्यात टाकलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि त्या उग्र वासाने डोकं उठतं. नवरा आणि मामाजी दोघे मिळून बैल पुसत होते. मी चुलीपाशी पुरण वाटत होते. सगळं घर त्या औषधाने आणि गुळाने घमघमत होतं, कोणता वास कुठून येतो ते सांगणं मुश्कील होतं.

दुपारी मामाजींचा आवाज आला. "सुनबाई! इकडं ये! हिले काय झालं पाय!"

मांजर धानाच्या खोलीच्या उंबऱ्यावर होती. चालायला जात होती आणि मागचे पाय भलतीकडेच जात होते. कान सारखे फडफडत होते, तोंडातून लाळ. मी हात लावला तर सगळं अंग थरथरत होतं, आणि माझा हात लागताच तिला असा झटका आला की ती आडवी पडून पाय झाडायला लागली. मामाजी खाली बसले. "साप चावला का व तुले? माय, काय झालं?"

बैल आजारी पडले की येणाऱ्या गुरांच्या डॉक्टरचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. आमच्या घरात नेटवर्क मिळत नाही, म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात, जिथे नवरा बैलांच्या पाठीवर झूल बांधत होता, तिथे जाऊन लावला. सण असूनही डॉक्टरांनी उचलला, देव भलं करो त्यांचं. मी भडाभडा सगळं सांगितलं.

"मॅडम, एक काम करो," ते म्हणाले, "पहिले हे सांगा की तिने काय खाल्लं, किंवा अंगाला काय लावलं. उंदराचं औषध असेल तर इलाज वेगळा, साप असेल तर वेगळा. अंदाज नको. पक्कं विचारून सांगा. टाइम नाहीये."

मी फोन कानाला तसाच धरून ओरडले, "मामाजी, उंदराचं औषध ठेवलं होतं का कुठं?"

"नाई व! मांजर असल्यावर कायले ठेवू?"

"तिच्या अंगाला कोणी काही लावलं का?"

मामाजी उंबऱ्यावरूनच म्हणाले, "म्या नाई लावलो."

नवरा माझ्यापासून दोन हातांवर होता. पाठ माझ्याकडे. झुलीची गाठ मारत होता, सोडत होता, परत मारत होता. मी त्याच्याकडे बघून पुन्हा विचारलं, "तुमी काही लावलं का?"

तो गाठ मारत राहिला.

फोनमधून डॉक्टर "हॅलो, हॅलो" करत होते. आत मांजराचे पाय उंबऱ्यावर आपटल्याचा आवाज येत होता, टक टक टक. मी पुढे झाले आणि त्याच्या हातातून झूल ओढली. "बोला ना! मरून राहिली ती!"

"बैलाचं," तो म्हणाला. "मीच लावलो. सकाळी."

मी फोनवर ते सांगितलं. डॉक्टरांचा स्वरच बदलला. गुरांचं गोचिडाचं औषध मांजराला विषच, ते म्हणाले. बैलाला सोसतं ते मांजराच्या शरीराला पचवता येत नाही. आधी अंगावरचं धुऊन काढा. कोमट पाणी आणि भांड्यांचा पातळ साबण. गार नको, कढत नको. तिला अंग चाटू देऊ नका, लगेच कोरडं करा, कपड्यात गुंडाळा आणि घेऊन या.

ऐकलं ते मी मामाजींना ओरडून सांगत होते. फोन ठेवला आणि मी नवऱ्याला जे बोलले ते अख्ख्या गल्लीने ऐकलं असणार. "नारबोदीपर्यंत तरी थांबायचं! पोत्यात घालायचे कष्टही वाचवले! मारली ना शेवटी तुमी!" एरवी माझ्या एका शब्दाला चार शब्द देणारा माणूस, पण त्या दिवशी एक दिला नाही. त्याच्या गप्प राहण्याने मला वाटलं, बस, खरंच आहे मग.

मामाजी तेवढ्यात कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आले होते. आमच्या भांडणाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "हात चालवा," म्हणाले. आम्ही तिघे बसलो. नवऱ्याने धरलं, मी साबण लावला, मामाजींनी पाणी घातलं. फेस पांढरा निघत होता आणि त्याला तोच उग्र वास. कानाच्या मागे एक गोचीड होती, एरंडीच्या बीसारखी टम्म फुगलेली, ती तशीच चिकटून. दोनदा धुतली. मधे दोनदा झटका आला, दुसऱ्यांदा तिने नवऱ्याच्या अंगठ्याला दात रुतवले. रक्त आलं. त्याने हात हलवला नाही.

"पोळ्याच्या तोरणाखाली बैल मी नेतो," मामाजी म्हणाले. "तुमी जा."

मोटारसायकलवर तो पुढे, मी मागे, मांडीवर टॉवेलात मांजर. जंगलातला रस्ता ओला होता. गाडी हळू चालवली तर ती मरेल आणि जोरात चालवली तर आपण पडू, या दोन्ही भीती मला एकाच वेळी होत्या आणि दोन्हीसाठी राग त्याच्यावरच निघत होता. टॉवेलावर हात ठेवून मी थरथर मोजायचा प्रयत्न करत होते. थरथर थांबली की वाटायचं, गेली. पुन्हा सुरू झाली की वाटायचं, बरं झालं. असलं विचित्र सुख मी आयुष्यात कधी मानलं नव्हतं. हायवे लागला, ढाबे सुरू झाले, ट्रकवाले खाटेवर जेवत होते. नवऱ्याने तिकडे मान वळवली नाही.

डॉक्टरांनी आपल्या घराच्या पुढच्या खोलीतच टेबलावर तिला घेतलं. झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावली, गरम पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून पोटाशी ठेवली. "बसा," म्हणाले. "औषध लागू पडलं तर थरथर उतरेल. नाही पडलं तर मी खोटं बोलणार नाही."

आम्ही बाहेर पडवीतल्या बाकावर बसलो. मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. डॉक्टर मधून मधून बाहेर यायचे आणि मी काही तरी विचारायचं म्हणून पिसवांचंच विचारलं. ते म्हणाले, पिसू मांजरावर रक्त प्यायला असते, अंडी मात्र घरात पडतात. जमिनीच्या भेगांत, अंथरुणात, ती झोपते तिथे. झोपते कुठे? पोत्यांवर, मी म्हटलं. मग ती पोती बाहेर काढा, झटका, कडक उन्हात टाका, खोली रोज कोपऱ्यापर्यंत झाडा, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवा. मांजराला वजन बघून मांजराचंच औषध मानेवर लावायचं, आणि तेही ती बरी झाल्यावर, त्यांना विचारून. एकदा करून भागत नाही, लपलेल्या पिसवा नंतरही निघतात. म्हणजे आम्ही पोत्यांना हातही लावला नव्हता आणि तिला मात्र हाकलायला निघालो होतो. रोग हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला म्हणतात, ते हेच. मी नवऱ्याला ऐकवणार होते, पण तो अंगठ्यावरचं सुकलेलं रक्त बघत बसला होता. डॉक्टरांनी त्याला दरडावलं, अंगठा साबणाने धुवायला लावला आणि उद्या दवाखान्यात जाऊन सुई घ्या म्हणून बजावलं. तो नुसता मान हलवत राहिला.

सांज व्हायच्या सुमारास डॉक्टरांनी मला आत बोलावलं. ती टेबलावर मान उचलून बसली होती. कान अजून उडत होते, पण डोळे बघणारे होते. डॉक्टरांनी बोट पुढे केलं तर तिने ते हुंगलं. "वाचेल," ते म्हणाले. "दोन दिवस थोडी थरथर राहील. उद्या परत आणा." मी तिथेच रडले. मागे नवरा दारात उभा होता. त्याने एकदा भिंतीवर हात टेकला आणि बाहेर जाऊन गाडी सुरू केली.

घरी पोचलो तेव्हा तोरणाखालचा पोळा फुटला होता, बैल दावणीला होते आणि गावातले लहान-मोठे घरोघरी थोरांच्या पाया पडत फिरत होते. मामाजी दारात उभे. "हाये का?" एवढंच विचारलं. मी टॉवेल त्यांच्या हातात दिला. त्यांनी आत बघितलं, आणि तो म्हातारा तोंड वर करून मोठ्याने रडला, लाजबीज न धरता. शेजारची दोन पोरं पाया पडायला आली होती, ती तशीच माघारी फिरली.

मग नवरा वाकला आणि त्याने बापाचे पाय धरले. धरले ते सोडेना.

"ऊठ गा," मामाजी म्हणाले. "तिच्या कानामागची गोचीड म्याबी पायली होती. ते मराव म्हणून लावलास, अना पिसवा गेल्या तं मांजर घरातच राईल म्हणून लावलास. पोराले ओळखत नाई का मी? मले कायले सांगतेस? हिले सांग."

त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

नवरा उठला. दिवसभरात पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "माराले नाई लावलो मी," तो म्हणाला. आवाज फाटला होता.

"माहीत हाये मले," मी म्हटलं.

खोटं बोलले. तो ते बोलेपर्यंत मला माहीत नव्हतं. आणि त्याने मान खाली घातली त्यावरून कळलं की माझं खोटं त्याला समजलं होतं.