समुद्रावरची फर्स्ट शिफ्ट

पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, जन्म घालवलेल्या माणसाच्या कानातून रिटायर झाल्यावरही कितीतरी दिवस काळं निघत राहतं. आंघोळ रोज करतो, साबणही लावतो, तरी निघतंच. किस्स्यांचं तसंच आहे. ते जमवायला कोणी बसत नाही. भिलाईत कोहक्याच्या टपरीवर आम्ही तिघं म्हातारे चहाला टेकलो, की कोणाच्या तरी कानातून एखादा गळून पडतोच!

तिघं म्हणजे मी, कवडू ठाकरे आणि तुळशीराम रामटेके. प्लांटमध्ये एकाच खात्यात राबलो, सेक्टर दोनमध्ये एकाच ओळीत राहिलो, आणि क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा कोहक्यात शेजारी शेजारी घरं बांधली. कवडू दोघांच्या वाट्याचं बोलतो. मी हळू बोलतो. माझं वाक्य पुरं होईपर्यंत लोक चहा पिऊन निघून जातात. म्हणून लिहिलेलं बरं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघं समुद्रावर गेलो होतो. सुट्टीला म्हणे! सुट्टीने माणूस इतका थकतो, हे तेव्हा कळलं.

*

बेत सुशीलावहिनींचा, म्हणजे तुळशीरामच्या बायकोचा.

त्यांचा मुलगा नितेश रसमड्याच्या एका कारखान्यात लागला होता. बापानेच शब्द टाकून लावून दिला होता. एक दिवस भर शिफ्टमध्ये, दुपारी, चालू मशीन तशीच टाकून तो गेटबाहेर पडला. घरी येऊन म्हणाला, "बाबा, मेरे से नहीं होगा. जीव घुसमटते माहा." आणि गेला तो थेट ओडिशाच्या किनाऱ्यावर. शिवनाथ नदीत मासोळीसारखा पोहणारा पोरगा, तिकडे लोकांना लाटेवर फळी घेऊन उभं राहायला शिकवू लागला. सर्फिंग म्हणतात त्याला.

त्या दिवसापासून तुळशीराम मुलाशी बोललेला नव्हता. फोन वाजला की तो उठून अंगणात जायचा.

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी दोघं यायले घेऊन जा तिकडं. डॉक्टरनं खारी हवा सांगितली म्हना. माहे गुडघे असे, मी काई येऊ शकत नाई. पर बापलेक एक शब्द तरी बोलले पाह्यजे. आता किती दिवस रायले आपले?"

दुर्गहून पुरीच्या गाडीत बसलो. रायपूर येईपर्यंत कवडू डॉक्टर, खारी हवा, फुप्फुस, सगळं रंगवून सांगत होता. तुळशीराम खिडकीतून बाहेर बघत होता. शेवटी म्हणाला, "कवडू, थकशीन बे. पोट्टा तठीच हाय, हे मले मालूम हाय. मी हवा खायाले चाललो."

*

गाव अगदी लहान. सुरूची झाडं, वाळूवर ओढलेल्या होड्या, आणि एका ओडिया बाईचं घर, तिथे आमची खोली. तिला सगळे माउसी म्हणत. माउसी हिंदी आमच्यासारखीच बोलायची, म्हणजे मोडकी. त्यामुळे छान जमलं.

पहिल्याच पहाटे माउसी अंगण झाडायला उठली, तर तिच्या ओट्यावर तीन म्हातारे आंघोळ करून, केस चापून, बुटांच्या नाड्या बांधून रांगेत बसलेले!

ती घाबरलीच. "बाबा, कहाँ जाना है इतनी सुबह?"

कवडूने जांभई दिली. "कहीं नहीं, माउसी. फर्स्ट शिफ्ट की आदत है."

*

जेवायलाही तेच. कवडू घरून निघतानाच म्हणत होता, "समुद्राकाठचं नवीन काई खाऊ. जन्मभर भात खाऊन खाऊन कंटाळलो."

माउसीने सकाळी वाडगा ठेवला. रात्रीचा भात, पाण्यात भिजवलेला, वर कांदा, मिरची, बाजूला भाजलेली सुकी मासळी. ओडिशात त्याला पखाळ म्हणतात.

कवडू वाडग्याकडे बराच वेळ बघत राहिला. "अबे, हे तं आपली बासी! एवढा प्रवास करून बासी खायाले आलो का मी?"

मग दोनदा मागून घेतली.

*

नितेश आम्हाला किनाऱ्यावरच भेटला. उन्हाने काळा पडलेला, अंगाने भरलेला. आमच्याकडे येताना काखेत ती लांब फळी.

कवडूने मला विचारलं, "एवढा मोठा इस्त्रीचा टेबल घेऊन पाण्यात कावून जातेत हे?"

"जय भीम, काका," नितेश मला आणि कवडूला म्हणाला. मग बापासमोर उभा राहिला. "जय भीम, बाबा."

तुळशीरामने हात जोडले. पण समुद्राकडे बघून! समुद्राला जय भीम घालणारा मी पाहिलेला पहिलाच माणूस.

 मग तुळशीराम माझ्याकडे वळून म्हणाला, "याले इचार, त्या दिवशी याच्या जागेवर कोन आलं होतं?"

इथे आमची रीत सांगावी लागेल. प्लांटमध्ये घड्याळात सुटी झाली म्हणून कोणी सुटत नाही. आपल्या जागी पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, यावा लागतो. तो समोर उभा राहून "आलो" म्हणतो. मग जाणारा त्याला सांगतो, काय चालू आहे, काय बंद आहे, कुठे जपायचं. याला आम्ही चार्ज देणं म्हणतो. चार्ज दिला की मगच डबा उचलायचा. रिलिव्हर आला नाही तर पुढची शिफ्टही तिथेच उभं राहून काढायची. तापाने फणफणत असला तरी. घरी बायको बाळंत होत असली तरी. नितेश जन्मला तेव्हा तुळशीराम भट्टीवरच होता, रिलिव्हरची वाट पाहत.

पोराने नोकरी सोडली, याचा त्याला राग नव्हताच. पोराने रिलिव्हर न येता जागा सोडली, याचा होता.

मी विचारायची गरज नव्हती. नितेश हातभरावरच उभा होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "कोई नहीं आया था, काका."

फळी उचलून पाण्यात गेला. खोटं बोलला नाही, एवढं खरं.

त्या दिवशी वहिनींचा फोन आला. "बोलले का?"

मी म्हणालो, "माझ्याशी बोलले. दोघंही."

*

नितेशच्या सर्फिंगच्या शाळेत शहरातली पोरंपोरी यायची, कॉम्प्युटरवर बसून मान दुखते म्हणणारी. आधी वाळूवर फळी ठेवून शिकवतात. पालथं पडायचं, हाताने पाणी मारल्यासारखं करायचं, आणि झटकन उभं राहायचं.

एका पोरीने कवडूला आग्रह केला. "अंकल, ट्राय करो ना!"

कवडू असा काही मागे हटणारा नाही. धोतर खोचलं, फळीवर पालथा पडला, हात मारले. नितेश ओरडला, "अब उठो!" सगळी पोरं टणकन उभी राहिली. कवडू उठला नाही.

"काका, उठा."

उठला नाही.

नितेश धावत गेला, वाकून बघितलं, आणि हसायला लागला. कवडू घोरत होता! गाडीतलं जागरण, बासीचा वाडगा आणि कोवळं ऊन. आम्ही त्याला तसाच ठेवला.

बाकीचे दिवसभर पाण्यात पडत होते. संध्याकाळी ती पोरगी म्हणाली, "पूरे बॅच में बॅलन्स तो अंकल का ही अच्छा था!"

*

मग खुर्चीचं सुरू झालं.

माउसीची एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती. एका सकाळी तुळशीरामने ती उचलली आणि पाण्याजवळ नेऊन ठेवली. प्लांटमधला जुना ॲल्युमिनियमचा डबा त्याने भिलाईहून आणलाच होता, तो खुर्चीखाली. आणि बसला. मला वाटलं, हवा खातोय.

दुपार झाली. ऊन डोक्यावर आलं. मी जवळ जाऊन म्हणालो, "चल, जेवून घे."

"अंदर लोकं हायेत," तो म्हणाला. पाण्यात नितेश आणि त्याची पोरं होती. "उजवीकडं पाणी आतमधी ओढून रायलं. कोनी तरी पाह्याले पाह्यजे का नाई?"

मी त्याच्या समोर उभा राहिलो. काय करावं ते आधी सुचलं नाही. मग सुचलं. म्हणालो, "आलो."

तुळशीरामने मान हलवली. "लाल टोपीवाली पोरगी थकली हाय, तिच्यावर ध्यान ठेव. उजवीकडं कोनाले जाऊ देऊ नको." मग डबा उचलला आणि उठला.

त्या दिवसापासून आमच्या ड्युट्या लागल्या. फर्स्ट शिफ्टला तुळशीराम, दुपारून मी, उतरत्या उन्हात कवडू. कवडू कुरकुरायचा, "रिटायर होऊन पुन्हा ड्युटी! ओव्हरटाइम तरी लावा बे!" पण वेळेवर यायचा. समुद्रात तशी भीती काही नव्हती. नितेश आणि त्याचे दोस्त डोळ्यात तेल घालून असायचे. आम्हाला पोहताही येत नाही. कोणी बुडालं असतं तर आम्ही फक्त उभे राहिलो असतो.

संध्याकाळी फोन. "बोलले का?"

"नाही, वहिनी. पण ड्युटीवर आहेत."

 मग म्हणाल्या, "डबा नेतेत का?"

"नेतो."

"मंग बरं हाय," म्हणाल्या. पण आवाज थकलेला होता.

*

एकदा मी खुर्चीवर होतो. नितेश पाणी प्यायला बाहेर आला, ओल्या वाळूत माझ्या पायाशी बसला. दमला होता. त्याच्याही चेहऱ्यावर बापासारख्याच दोन रेघा पडायला लागल्यात, हे तेव्हा दिसलं.

"काका, बाबा रोज इथं कावून बसते?"

"ड्युटी हाय त्याची."

"किसकी ड्युटी?"

मी उत्तर जुळवायला लागलो. तुझा जन्म झाला त्या दिवसापासून सांगावं असं मनात होतं. पण मी हळू बोलणारा. मी तोंड उघडेपर्यंत कोणीतरी पाण्यातून हाक मारली, आणि तो गेला.

*

निघायचा दिवस आला. पुरीहून दुपारची गाडी. माउसीने वाटेसाठी तुळशीरामच्या डब्यात भाजी-भात भरून दिला. ऑटो दारात लागला. पिशव्या चढल्या, कवडू चढला. तुळशीराम कुठे आहे?

खुर्चीवर.

मी वाळूतून गुडघे ओढत गेलो. "तुळशीराम, ऑटो आला."

"रिलिव्हर कुठी हाय?"

"अरे, आपण तिघंही चाललो."

"तेच तं म्हनतो. मंग रिलिव्हर कुठी हाय?"

मागून कवडू धापा टाकत आला. "अबे, गाडी निघून जाईन! समुद्र का बंद करून जातेत का? चाल ऊठ!"

"तुमी जा. अंदर लोकं हायेत."

पाण्यात नितेश होता, चार-पाच पोरं होती. तो आमच्याकडेच बघत होता. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. कवडूने तुळशीरामचा दंड धरून ओढायला बघितलं. तुळशीरामने खुर्चीचे हात घट्ट धरले. म्हाताऱ्याच्या हातात अजून जोर होता. कवडूने दंड सोडला आणि डोक्याला हात लावून वाळूतच बसला.

मग नितेशने शिट्टी मारली. एकेकाला पाण्याबाहेर काढलं. शेवटच्या पोरीचा हात धरून तिला ओल्या वाळूवर आणून सोडलं. आपली फळी वाळूत उभी रोवली. आणि निथळत, हळू चालत, बापाच्या समोर येऊन उभा राहिला. अंगावरचं पाणी तुळशीरामच्या बुटांवर पडत होतं.

"आलो," तो म्हणाला.

तुळशीरामने पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ऑटोवाल्याचा हॉर्नही थांबला.

"अंदर कोनी नाई," तुळशीराम म्हणाला. "सारे भाईर आले. उजवीकडं पाणी ओढून रायलं, तिकडं जपजो. तू सकाळपासून काई खाल्लं नाई."

"हो, बाबा."

तुळशीराम उठला. खाली वाकून डबा उचलला, हातात जरा तोलला, आणि परत खुर्चीखाली ठेवला. मग मागे न बघता ऑटोकडे चालायला लागला.

नितेश खुर्चीवर बसला. ऑटो सुरूच्या झाडांआड वळेपर्यंत तो तिथेच बसलेला दिसत होता, ताठ, समुद्राकडे तोंड करून.

पुरीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा फोन वाजला. मी तो तसाच तुळशीरामच्या हातात दिला. वहिनींचा आवाज मलाही ऐकू आला.

"बोलले का?"

तुळशीरामने फोन तोंडाजवळ नेला. म्हणाला, "चार्ज देऊन आलो."