सतरावी पायरी

आमच्या दादाला कौतुक ते फक्त अजून न आलेल्या गोष्टींचं. आलेल्या गोष्टीकडे तो ढुंकूनही बघत नाही. भुताखेतांचे, परग्रहांचे, जादूटोण्याचे जे सिनेमे आणि मालिका पुढे कधीतरी येणार आहेत, त्यांच्या बातम्या एका वेबसाइटवर लिहिणं हा त्याचा उद्योग. कुठल्या मालिकेचा पुढचा सीझन मंजूर झाला, कुठली बारगळली, कुठल्या राक्षसाला किती शिंगं असणार, कुठल्या स्ट्रीमिंग कंपनीने कोणाच्या तोंडचा घास पळवला. रोज सात बातम्या. ऑफिसात त्याला ‘लवकरच’ म्हणतात, कारण त्याची प्रत्येक बातमी याच शब्दाशी येऊन थांबते. तोंडावर म्हणतात, आणि त्याला ते बक्षीस वाटतं.

मी त्याची धाकटी बहीण. हे मी रागाने लिहिते आहे, तेव्हा कोणाला समतोल वगैरे हवा असेल तर त्याने इथेच थांबावं.

लहानपणी दादा मित्रांबरोबर शुक्रवारीच सिनेमा बघून यायचा. रविवारी मी आईचा हात धरून तिकिटाच्या रांगेत उभी असले की हा मागून यायचा आणि कानात सांगायचा, “तो डॉक्टरच खुनी आहे. शेवटी छतावरून पडतो.” मी भोकाड पसरायचे. आई म्हणायची, “अगं, चिडवतोय तो.” चिडवत नव्हता. दुसऱ्याच्या आधी आपल्याला ठाऊक असावं एवढंच त्याला हवं असायचं, आणि ते ठाऊक आहे हे दुसऱ्याला कळल्याशिवाय त्याला जेवण गोड लागायचं नाही. तो आता सेहेचाळीस वर्षांचा आहे. केस गेले, खोड गेली नाही.

त्याच्या घरी भिंतभर टीव्ही आहे. त्यावर वहिनी आणि भाची मालिका बघतात. हा त्याच खोलीत टीव्हीकडे पाठ करून बसतो आणि पुढच्या वर्षीच्या मालिकांबद्दल लिहितो. “ही आलीये ना? मग शिळी झाली,” असं म्हणतो. भाची तिसरीत असताना तिच्या शाळेत नाटक होतं. तिला झाडाचं काम होतं, पण बोलणाऱ्या झाडाचं, चार वाक्यं होती. दादाने आदल्या दिवशी तिची वही वाचून काढली आणि नाटकाला गेलाच नाही. “मला माहितीये, शेवटी झाड तोडतात,” म्हणाला. भाची आता सातवीत आहे आणि हे अजून विसरलेली नाही.

त्याचा एक नियम आहे. ऑफिसात कोणी नवीन आलं की पहिल्याच दिवशी तो ऐकवतो. बातमीत एक तरी आकडा हवा. ‘अवाढव्य राक्षस’ लिहिलं तर लोक हसतात, ‘नऊ फुटी राक्षस’ लिहिलं की मान डोलावतात. मग बातमी कोणी दिली हे सांगावं लागत नाही, आकडाच साक्षीदार. या नियमावर त्याने वीस वर्षं काढली. त्यातले निम्मे आकडे त्याने मनाचे ठोकले होते, आणि त्याबद्दल त्याला कधी कोणी जाब विचारला नाही.

मी परदेशी मालिकांची मराठी सबटायटल लिहायचे. बोलणाऱ्याच्या तोंडाखाली दोन ओळी येतात ना, त्या. एका ओळीत बेचाळीस अक्षरं, त्याहून एक जास्त चालत नाही. एखादं पात्र रडत रडत पाच वाक्यं बोलतं आणि मला त्याची दीड करावी लागतात, तीही त्याचं रडू न पुसता. एका बड्या स्ट्रीमिंग कंपनीच्या परीक्षा देता देता दोन वर्षं गेली, तेव्हा कुठे त्यांच्या यादीत नाव लागलं. यादीत असणाऱ्याला महिने महिने आधी मालिका मिळते. चित्र सगळं राखाडी, फक्त हलणारे ओठ आणि वाचायची अक्षरं स्वच्छ दिसतात, आणि मधोमध आपला नंबर छापलेला असतो. मालिकेचं नाव घरातसुद्धा उच्चारायचं नाही, अशी सही करून दिलेली. मी ती इतकी पाळली की आईला सात वर्षं वाटत होतं, मी विम्याची कागदपत्रं करते.

आई माझ्याकडे राहते. माझी कामाची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली: एक टेबल, एक खुर्ची, खिडकीला जाड पडदा, दाराला आतून कडी. दादाला मात्र माझं काम ठाऊक होतं, वास काढण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. दर रविवारी आईला भेटायला यायचा आणि त्या बंद दाराशी घुटमळायचा. “नुसतं हो की नाही सांग. बरं, बोलू नकोस, डोळे मिचकाव.” मी म्हणायचे, “दादा, चहा गार होतोय.” सात वर्षं मी एक पापणी हलवली नाही.

त्या रविवारी मी एका भयमालिकेवर काम करत होते. जुनी, बंद पडलेली शाळा, तिचं तळघर, आणि तळघराच्या भिंतीवर चिकटवलेला एक कागद: ‘सतराव्या पायरीवर पाय देऊ नये.’ त्या कागदाचं भाषांतर करून मी बोटं मोडते आहे, तोच बाथरूममधून आई किंचाळली. मी कडी काढून धावले. आई फरशीवर, मनगट वाकडं झालेलं. तेवढ्यात आईला भेटायला आलेला दादाही बाथरूमच्या दारात. दोघांनी तिला उचललं, खाली नेलं, रिक्षात बसवलं. दादा म्हणाला, “तू हो पुढे. मी बाथरूम पुसून, घर बंद करून आलोच. परत कोणी घसरायला नको.” मला त्याचं इतकं बरं वाटलं! दवाखान्यात एक्स-रेच्या बाकावर मी आईला म्हणालेसुद्धा, “काहीही म्हण, वेळेला दादा उभा राहतो.”

दादा तासाभराने आला. हातात बिस्किटांचा पुडा होता. आईचं मनगट प्लास्टरमध्ये घालून आम्ही घरी आलो तेव्हा बाथरूमची फरशी होती तशीच ओली होती. मी ती पुसली आणि तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मंगळवारी वेबसाइटवर बातमी झळकली. मालिकेचं नाव, बंद शाळा, तळघर, आणि तिसऱ्या ओळीत, काळ्या ठसठशीत अक्षरांत, सतरावी पायरी. चित्र एकही नव्हतं. माझं नाव तर नव्हतंच. दादाने फार जपून केलं होतं, कागदावरचे शब्दसुद्धा फिरवून लिहिले होते. फक्त आकडा तेवढा जसाच्या तसा ठेवला, कारण नियम.

गुरुवारी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

“मॅडम, त्या कागदावरचा आकडा आम्ही प्रत्येकाला वेगळा पाठवतो. सतरा फक्त तुमच्या प्रतीत होता.”

मी म्हटलं, “मी कोणाला काही सांगितलं नाही.”

“असेलही. पण तुमच्या प्रतीतून गेलं ना?”

संध्याकाळपर्यंत यादीतून नाव गेलं. अशा कंपन्या एकमेकींशी भांडतात, पण अशा वेळी एकमेकींना फोन बरोबर करतात. महिन्याभरात बाकीच्या दोन ठिकाणांहूनही नकार आला.

मी दादाच्या ऑफिसात गेले. लांबलचक टेबल, त्यावर ओळीने पडदे, भिंतीवर पांढरा फळा आणि फळ्यावर पुढच्या दोन वर्षांच्या तारखा. एकही तारीख उलटून गेलेली नाही. गेली की पुसतात. दादाने मला बघितलं आणि दंड धरून जिन्यात नेलं.

“इथे कशाला आलीस? लोक बघतायत.”

“माझं काम गेलं, दादा.”

“मी तुझं नाव घातलं का कुठे? दाखव!”

“आकडा घातलास.”

मग चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. “तू मशीन उघडं टाकून का गेलीस? मी काय कुलूप फोडलं? समोर दिसलं ते वाचलं.”

“आई पडली होती!”

“हो, मग? मीच उचललं ना तिला?”

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण मला त्याच्याकडून एक गोष्ट हवी होती. मी म्हटलं, “कंपनीला तीन ओळी लिही. तुझ्या नावाने. की हिने दिलं नाही, मी हिच्या घरात चोरून वाचलं. बास. मग तुझं तोंड मी पुन्हा बघितलं नाही तरी चालेल.”

“लिहितो की. एवढं काय त्यात?” दादा म्हणाला. “येत्या आठवड्यात.”

येत्या आठवड्यात पत्र नाही, बातमी आली. ‘सतराव्या पायरीने घेतला बळी: गुप्त माहिती फुटल्याने भाषांतरकार महिलेची हकालपट्टी.’ त्यात माझं वय होतं, किती वर्षं काम केलं तो आकडा होता, सात. ती त्या महिन्यातली सगळ्यात जास्त वाचली गेलेली बातमी ठरली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर तो गळा किती इंच कापला तेही छापायचं. मी फोन केला तर म्हणाला, “अगं, कुठूनतरी येणारच होती. परक्याने लिहिण्यापेक्षा मी लिहिलेली बरी नाही का?”

“आणि पत्र?”

“लवकरच,” तो म्हणाला. शपथ सांगते, हाच शब्द वापरला.

वहिनी बिचारी दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा पत्र स्वतः टाइप करून, फक्त सहीपुरतं ठेवून, त्याच्या ताटाशेजारी ठेवलं होतं, असं तिने सांगितलं. त्याने त्यावर वाटी ठेवली. “ते म्हणतात, एकदा असं लिहून दिलं तर पुन्हा कोणी त्यांना बातमी द्यायचं नाही,” वहिनी म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. आई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन म्हणाली, “अगं, भाऊ आहे तुझा. तोडू नकोस.” मी म्हटलं, “आई, मी तोडलेलं नाही, मला तोडलंय.” पण आईपुढे दादाबद्दल बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आता मी खरंच विम्याची कागदपत्रं करते. आईला त्यात काही फरक जाणवला नाही.

पाच महिन्यांनी मालिका आली. मी बघणार नव्हते. भाची पळत आली, “आत्या, चल ना, आपण दोघी बघू,” म्हणाली, म्हणून बसले. खालच्या ओळी माझ्याच होत्या. शब्दन् शब्द, स्वल्पविराम न् स्वल्पविराम. शेवटी नावांच्या यादीत भाषांतर म्हणून दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. तळघराचा प्रसंग आला, भिंतीवरचा कागद दिसला, आणि माझ्या अख्ख्या कामातला एकच शब्द बदललेला दिसला. ‘अकराव्या पायरीवर पाय देऊ नये.’

भाची म्हणाली, “अय्या! बाबाने तर सतरा लिहिलं होतं.”

तिच्या बाबाने सतरा लिहिलं होतं हे फक्त तिच्याच लक्षात नव्हतं. वीस वर्षं मनाचे आकडे ठोकले तेव्हा कोणी मोजायला गेलं नाही, आणि आयुष्यात एकदा खरा चोरलेला आकडा छापला तर तो चुकीचा निघाला. वाचक तुटून पडले. ‘लवकरच’ला पायऱ्या मोजता येत नाहीत म्हणून चित्रं फिरायला लागली. मी ती सगळी बघितली. मला आनंद झाला, लपवत नाही.

आणि शनिवारी दादाने पत्र लिहिलं. त्याच्या नावाने, फोटोसकट, वेबसाइटच्या माथ्यावर. मोजून तीन ओळी. ‘पायरीच्या आकड्यात चूक झाली, त्याबद्दल वाचकांची मनापासून क्षमा मागतो. आम्हाला आमच्या सूत्राने चुकीची माहिती दिली. त्या व्यक्तीशी आम्ही संबंध तोडले आहेत.’

मी ते चार वेळा वाचलं. जी गोष्ट मी दिली नाही असं त्याने लिहावं म्हणून पाच महिने मी याच्या पाया पडायची बाकी होते, ती मी दिली असं त्याने लिहिलं, आणि वर ती खोटी दिली म्हणूनही मलाच बोल लावला. माफी मागता येते त्याला. मला वाटायचं, येत नसेल.

दुसऱ्या दिवशी रविवार. अकराला बेल वाजली. आईने प्लास्टर कधीच निघालेल्या त्याच हाताने दाराच्या कडीकडे बोट केलं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

“उघड ना गं,” दादा बाहेरून म्हणाला. “बिस्किटं आणलीयेत आईला. आणि ते कालचं मनावर घेऊ नकोस, वाचकांसाठी लिहावं लागतं. तुझं पत्रही लिहितोय, या आठवड्यात नक्की.”

“दादा,” मी म्हटलं, “शेवट सांगू?”

बाहेर बिस्किटांचा पुडा कुरकुरला.

“मी दार उघडत नाही. तू थोडा वेळ थांबतोस, मग पुडा पायपुसण्यावर ठेवतोस आणि जातोस. आणि पुढच्या रविवारी येत नाहीस.”

आई उठून उभी राहिली होती, तिला मी हातानेच बस म्हटलं. दोन मिनिटं गेली. मग पुडा खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि जिन्यात चपला वाजल्या.