उचलबांगडी

शाळा बुडवणाऱ्या पोराला घरून आणायची आमच्या भोसरीत तेव्हा एकच रीत होती. गुरुजी चौथीतली चार दांडगी पोरं धाडायचे. दोघं हात धरायची, दोघं पाय, आणि त्याला उताणं उचलून आरडाओरडा करत शाळेत आणून टाकायची. वाटेत बायका पदराआड हसायच्या. उचलबांगडी म्हणजे आम्हाला फुकटचा तमाशा. माझ्यावर ती पाळी कधी आली नाही, म्हणून मला जरा जास्तच मजा यायची.

त्या वर्षी वडिलांना बांधावर पान लागलं. सापाचं नाव आमच्याकडे घेत नसत. सकाळी माझ्या धाकट्या भावाला शाळेत सोडून शेतावर गेलेला धडधाकट माणूस दुपारी नव्हता. सहा वर्षांच्या त्याच भावानं विस्तवाचं मडकं हातात धरलं आणि तिरडीच्या पुढं चालला. दिवसकार्य झालं, मी शाळेत जायला लागले. तो मात्र जाईना. दिवसभर आयचा पदर सोडायचा नाही. चुलता म्हणाला, पोरगं लाडावलंय. मलाही तसंच वाटायचं. मी पाढे घोकायचे आणि हा घरी बसून गूळ खाणार, याचा रागच यायचा.

महिना झाला तशी गुरुजींनी चौघांना धाडलं. मीही मागं गेले, गंमत बघायला. तो उंबऱ्याला चिकटला, एकाला चावला, लाथा झाडल्या. शेवटी चौघांनी त्याला उचललाच. गल्ली ओलांडेपर्यंत ओरडत होता, मग एकाएकी गप्प झाला. अंग ताठ झालं. त्यानं डोळे मिटून घेतले.

"आक्का," तो म्हणाला, "तू फुडं चाल. मडकं तू धर."

काळजात चर्र झालं असं बायका म्हणतात ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं. पोरांनी त्याला अलगद खाली ठेवलं. त्यांच्यातल्या दोघांच्या बापांनी आमच्या वडिलांना खांदा दिला होता. एकजण तिथंच धुळीत बसून रडायला लागला.

मी पळत जाऊन गुरुजींना सांगितलं. त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं आमची पाचावर धारण बसायची. तेच गुरुजी संध्याकाळी घरी येऊन चुलत्याला म्हणाले, पोराच्या आईला थोडे दिवस शाळेपाशी बसू द्या. नवरा गेलेल्या बाईनं वर्ष सरेपर्यंत चारचौघांत यायचं नसतं, गाव तोंडात शेण घालेल, असं चुलता म्हणत होता, तेवढ्यात आतून आयचा आवाज आला, "मी जानार." दिराच्या शब्दापुढं आय बोललेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

शाळा देवळात भरायची. बाहेर लिंबाखाली आय सुपात बाजरी घेऊन निवडत बसू लागली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी नाकं मुरडली. भाऊ दाराशी बसायचा; गुरुजी काही शिकवोत, याचा एक डोळा आयवर.

काही दिवसांनी मधल्या सुट्टीत तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. मी शेजारीच होते.

"आये, मी शाळंत आसलो तर तू परसातल्या हिरीवर जानार न्हाईस ना? त्या दिशी पानी न काढता नुस्ती उभी हुतीस, तशी?"

आयच्या तोंडावरचा रंगच उतरला. घरात एवढी माणसं, एकालाही सुगावा नव्हता. मला तर तिच्याच अंथरुणात निजून कळलं नव्हतं. आम्ही ज्याला लाडावलेला म्हणत होतो, तो महिनाभर तिची राखण करत होता.

"न्हाई," आय म्हणाली. "कदीच न्हाई."

त्यानं तिच्याकडे नीट निरखून बघितलं. "मंग जा घरी," म्हणाला आणि वर्गात निघून गेला.

आय सूप घेऊन उठली. मी तिचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.